दोनशे दहा

मित्सुएने काठी बर्फात रोवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढली तर टोकाला चिखल. जानेवारीचा शेवटचा रविवार होता. एरवी या दिवसांत खोऱ्यातली माणसं सकाळी उठून आधी दारातला बर्फ उपसतात आणि मग तोंड धुतात. यंदा सहा दिवस झाले, दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता. स्कीच्या लिफ्टच्या खांबांच्या बुडाशी मागच्या वर्षीचं पिवळं गवत उघडं पडलं होतं, आणि उरलेला बर्फ शिजत आलेल्या कण्यांसारखा पचपचीत झाला होता.

"लागली ना तळाला माती?" मागून आवाज आला.

खांद्यावर खताचं पोतं घेऊन तोराझो इगाराशी चढण चढत होते. वय शहात्तर, पाठ थोडी वाकलेली, डोक्यावर लोकरीची जुनी टोपी. खाली त्यांचा छोटा पांढरा ट्रक उभा होता. त्याच्या हौद्यात आणखी पाच पोती दिसत होती.

"मास्तर, हे काय आणलंत?"

"सल्फेट. सहा पोती आहेत. लिफ्टजवळच्या दोन्ही उतरणींवर मारून टाकू. परीक्षा घ्यायचीय ना तुला? का चिखलात पोहायला लावणारेस मला?"

भिजलेल्या बर्फावर अमोनियम सल्फेट फेकलं आणि वरून दाबत गेलं, की दहा मिनिटांत तो फरशीसारखा घट्ट होतो. उबागासावा गावातल्या भातशेतकऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ही करामत दोन-तीन तास टिकते. मग मात्र तो बर्फ गेलाच समजायचं. दुसऱ्या दिवशी त्याचं पाणी होऊन खालच्या खाचरांत उतरतं. म्हणून गावाची समिती हंगामाच्या अखेरीपर्यंत डोंगरावर खताचा कण पडू देत नसे. पण काल दुपारी त्याच समितीने ठरवलं होतं, की आज संध्याकाळी लिफ्ट बंद करायची. यंदापुरती नाही, कायमची. आता राखून ठेवायचं ते कुणासाठी, हा प्रश्नच उरला नव्हता.

"आणि वसंतात शेतात काय टाकाल?"

"शेतात जातंय कोण? एप्रिलात पोरगा न्यायला येतोय. शहरात, साइतामाला. आठवा मजला आहे म्हणे, गॅलरीतून रेल्वे दिसते. आता काय, बसेन गाड्या मोजत." मास्तरांनी पोतं खाली टाकलं आणि खिशातल्या विळ्याने त्याचं तोंड कापलं. "बघत काय बसलीस? स्की चढव."

ते पुढे चालत मूठमूठ खत फेकत गेले. साठ वर्षं शेतात फेकलं तसंच, मनगटाच्या एका झटक्यात, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. मागून मित्सुए आडव्या स्कीने तो बर्फ दाबत, घासत खाली येत होती. तिच्यामागे दुसरा परीक्षक कुराता. तो पोस्टमास्तर होता, पंचेचाळिशीचा, अंगाने गोल आणि बडबड्या. सहावं पोतं रिकामं झालं तेव्हा दोन उतरणी झाल्या होत्या.

"तिसरीचं काय?" मित्सुएने विचारलं.

तिसरी म्हणजे कोल्ह्याची उतरण. तीव्र, दक्षिणेला तोंड करून असलेली, मध्ये एक उंचवटा. तिथला बर्फ सगळ्यात वाईट होता.

"ती राहू दे तशीच," मास्तर म्हणाले. "पोती संपली. आणि तिथे मी आपटणारच आहे, तर मऊ असलेली बरी."

कुराता खो खो हसला. मित्सुएलाही हसू आलं, पण लगेच मावळलं.

त्यांना सगळं खोरं मास्तर म्हणत असे, आणि गंमत अशी की ते कधीच अधिकृत मास्तर नव्हते. तरुणपणी ते वरच्या जंगलात लाकूडतोड करत. पाठीवर ओझं घेऊन उतरायचं म्हणून स्की शिकले, आणि मग गावातल्या पोरांना शिकवत सुटले. मित्सुए सहा वर्षांची असताना तिला त्यांनीच उभं केलं होतं. त्यांची रीत ठरलेली. पोर खाली आलं की त्याचा हात धरून पुन्हा वर चढायचं आणि बर्फातल्या खुणा दाखवायच्या. इथे भार चुकला, इथे घाबरलीस. खुणा बघितल्याशिवाय 'चांगलं' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. पोर रडो की ओरडो, "तोंडाने सांगू नकोस, खुणा दाखव" एवढंच.

पुढे डोंगरावर मान्यताप्राप्त शाळा झाली. पहिल्या श्रेणीचा बिल्ला असेल त्यालाच शिक्षकाचा लाल कोट, असा नियम आला. मास्तर परीक्षेला बसले आणि नापास झाले. तेव्हापासून ते लिफ्टवर कामाला राहून लोकांच्या बुडाखाली खुर्च्या सरकवत आले होते, आणि दर हिवाळ्यात परीक्षा देत आले होते. तीन उतरणी, पास व्हायला प्रत्येकीला शंभरपैकी सत्तर, एकूण दोनशे दहा. बावीस वेळा ते बसले. चार वेळा दोनशे नऊवर अडकले. दोष एकच होता. वळताना भार बाहेरच्या पायावर जावा लागतो; त्यांचा आतल्या पायावरही रेंगाळत असे. ओझी वाहण्याची सवय होती ती, जाणार कशी?

त्या बावीसपैकी अकरा वेळा मुख्य परीक्षक मित्सुए होती. अकराही वेळा तिने जे दिसलं तेच लिहिलं, आणि त्या प्रत्येक रात्री तिला झोप लागली नाही. निकाल आदल्या दिवशीच ऐकलेला असला, तरी दुसऱ्या दिवशी मास्तर खारवलेला मुळा घेऊन दारात हजर.

"किती?"

"दोनशे सात."

"कुठे गेले?"

"आतल्या पायात."

"बरोबर आहे," म्हणायचे, आणि तिलाच शेवया खायला घेऊन जायचे. दुकानात बसून मोठ्याने सांगायचे, "आमच्या मित्सुचे गुण म्हणजे तराजू आहे तराजू. मी शिकवलंय तिला." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा, की नापास होणं हीच काहीतरी कमाई आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

आज चौघांनी नावं दिली होती. शहरातल्या तिघांनी हवामान बघून सकाळीच फोन करून माघार घेतली. उरले छातीवर चार नंबर लावलेले मास्तर.

परीक्षेआधी तिघे परीक्षक पायथ्याच्या खोलीत चहाला बसले. तिसरे होते शिओबारा, शाळेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. कुराताने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. अर्थात त्याचा खालचा आवाज म्हणजे दुसऱ्याचा चढा.

"ताई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"आज पास करून टाकू त्यांना. सत्तर, सत्तर, सत्तर. उद्या हा डोंगर नाही. एप्रिलात मास्तर नाहीत. आता नाही तर कधी?"

मित्सुएने शिओबारांकडे पाहिलं. ते कपावर फुंकर घालत होते.

"माझी हरकत नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं पोरं नापास केली मी. पुरे झालं."

"त्यांना कळेल," मित्सुए म्हणाली.

"कळू दे की!" कुराताने मांडीवर थाप मारली. "पास झालेला माणूस कधी तक्रार घेऊन आलाय का? तुम्ही तर अशा बोलताय जशी काही ऑलिंपिकची निवड आहे. ताई, एक म्हातारा माणूस आहे. एक बिल्ला आहे. संपलं."

पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. खिडकीतून ती खालच्या उघड्या पडलेल्या गवताकडे बघत राहिली. तिला आठव्या मजल्यावरची ती गॅलरी दिसली, आणि रेल्वे मोजणारे मास्तर.

"ठीक आहे," ती म्हणाली. "करू पास."

हे शब्द जड जातील असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कुराताने तिथल्या तिथे पेन काढून आपल्या कागदावर तिन्ही चौकटी भरून टाकल्या. शिओबारांनीही भरल्या. मित्सुएने आपला कागद कोरा ठेवून खिशात घातला, जणू तेवढ्याने काही फरक पडणार होता.

ती बाहेर आली तर मास्तर भिंतीला टेकून उलट्या खोक्यावर बसले होते. मांडीवर स्की, हातात मेणाचा तुकडा. पागोळ्यांचं पाणी त्यांच्या टोपीवर टपटपत होतं आणि त्यांनी खोकं जरा पुढे सरकवायची तसदीही घेतली नव्हती.

"मेण बसतच नाहीये," ते म्हणाले आणि हसले. "ओल फार आहे."

किती वेळ इथे बसलात, हे तिला विचारायचं होतं. तिने आपल्या स्की उचलल्या.

पहिली उतरण, मोठी वळणं. खताने धरलेल्या बर्फावर स्कीच्या कडा खरखरत होत्या. मास्तर नेहमीसारखे आले. ठीक, नेटके, आणि प्रत्येक डाव्या वळणाला आतला पाय हलकेच खरवडत. मित्सुएने पेन्सिल टेकवली. सत्तर लिहायचे होते. हाताने एकोणसत्तर लिहिले. दुसरी उतरण, छोटी वळणं, पुन्हा एकोणसत्तर. तिला स्वतःचा राग आला. एवढं साधं जमू नये? आता तिसऱ्या उतरणीवर बाहत्तर दाखवावे लागणार होते, म्हणजे खोटं बोलायचं ते तर बोलायचंच, वर जास्त बोलायचं.

कोल्ह्याच्या उतरणीपाशी ते पोहोचले तेव्हा पावसाचे थेंब पडू लागले होते. जानेवारीत पाऊस, आणि तोही कोमट. शिओबारांचे गुडघे दुखत होते; कागद तर भरलेलाच होता, म्हणून ते किटली ठेवायला खोलीकडे परतले. कुराता निशाण दाखवायला वर गेला. वरून उंचवट्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. खाली मित्सुए एकटी उभी होती.

निशाण पडलं. उंचवट्यावर मास्तरांची टोपी दिसली, मग ते सगळे दिसले, आणि मित्सुएच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

त्या पचपचीत बर्फात जोर करणारा माणूस रुततो. एका पायावर भार दिला की तो पाय खाली जातो आणि माणूस तोंडावर. मास्तर दोन्ही पायांवर सारखे उभे होते. आयुष्यभर ज्या आतल्या पायाने त्यांचे गुण खाल्ले, तोच पाय आज बाहेरच्या पायाशेजारी शांत वाहत होता. हा त्यांचा बर्फ होता, लाकूडतोड्यांच्या मार्च महिन्यातला, पाठीवर ओझं घेऊन उतरायचा. वळण संपायच्या आत पुढचं सुरू होत होतं. कुठे झटका नाही, कुठे घाई नाही. त्यांची वाकलेली पाठसुद्धा त्या उतरणीला शोभत होती. शेहेचाळीस वर्षं ती त्यांना बघत आली होती, पण हे कधी पाहिलं नव्हतं. ती फार आनंदली होती, आणि सगळ्यात मोठा आनंद हा, की आता खोटं बोलावं लागणार नव्हतं.

तिने बाहत्तर लिहिले. त्र्याहत्तरही चालले असते. पण तराजू म्हणजे तराजू.

"संपली एकदाची," तिच्यापाशी थांबत मास्तर म्हणाले. ते धापा टाकत होते. "आपटलो नाही, एवढं बघ."

"मास्तर," ती म्हणाली, आणि कागद घडी करून खिशात घातला. निकाल वाचण्याआधी परीक्षकाने बोलायचं नसतं.

कागद जुळवणं, शिक्के, सह्या, यात तास गेला. बाहेर पाऊस धो धो कोसळू लागला. मग रीतीप्रमाणे फळ्यासमोर उमेदवारांची रांग लागली, म्हणजे मास्तर एकटे ताठ उभे राहिले, छातीवर चार नंबर.

मित्सुएने वाचलं. "क्रमांक चार. इगाराशी तोराझो. कुराता यांचे गुण सत्तर, सत्तर, सत्तर. शिओबारा यांचे सत्तर, सत्तर, सत्तर. कान्बारा मित्सुए, एकोणसत्तर, एकोणसत्तर, बाहत्तर. सरासरी दोनशे दहा." वाचता वाचताच ते आकडे किती ठरवून मांडल्यासारखे ऐकू येतात, हे तिच्या लक्षात आलं. "उत्तीर्ण."

कुराताने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मास्तर कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. सरळ झाल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी बिल्ला घेतला.

"कुठे आले?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"एरवी कुठे गेले ते विचारतो. आज आले कुठे?"

"तिसऱ्या उतरणीत," मित्सुए घाईने म्हणाली. "मास्तर, खरंच. त्या मऊ बर्फात तुमचा आतला पाय... मी असं कधी पाहिलं नव्हतं. बाहत्तर खरे आहेत."

"हो हो."

"खरे आहेत, मास्तर!"

"हो गं." त्यांनी तिच्या दंडावर थोपटलं. "छान जुळवलंस. या दोघांसारखे सरसकट सत्तर नाही ठोकलेस. दोन कमी, दोन जास्त. शोभून दिसतंय." त्यांच्या आवाजात कडवटपणा औषधालाही नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. "ही भिंत एका फळीची आहे, पोरी. मीच ठोकलीय ती."

कुराताच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. शिओबारा उगाच किटलीचं झाकण उघडून आत बघू लागले.

मित्सुएने खुंटीवरचा कोट ओढला. "चला."

"कुठे?"

"वर. तोंडाने सांगत नाही. खुणा दाखवते."

लिफ्ट बंद होती. भर पावसात दोघं पायी चढले. लिफ्टजवळच्या दोन उतरणी अजून धरून होत्या. खताने घट्ट झालेल्या बर्फात मास्तरांचं प्रत्येक वळण सुरीने कापल्यासारखं उमटलेलं होतं, आणि प्रत्येक डाव्या वळणाशेजारी आतल्या पायाचा तो ओरखडाही. मास्तर वाकून बघत चालले.

"हा गेला एक," ते म्हणाले. "हा दुसरा. बरोबर आहेत तुझे एकोणसत्तर."

"पुढे चला ना."

उंचवटा ओलांडून ती कोल्ह्याच्या उतरणीवर आली आणि थांबली. समोर करडा, सपाट, पावसाने टोचलेला बर्फ होता. मधोमध पाण्याचा एक ओहळ वाहत होता. दुसरं काही नव्हतं.

"इथून," ती म्हणाली. तिने हात पुढे केला. "इथून आलात तुम्ही. मग इथे उजवीकडे. थांबा, खाली सावलीत असतील." ती उतरणीवर घुसली, गुडघ्यापर्यंत रुतली, एक पाय काढला तर दुसरा गेला. खाली वाकून ती हाताने बर्फावरचं पाणी बाजूला सारू लागली. सारलं की तिथे पुन्हा पाणी यायचं. "असणार. तासच तर झालाय. इथे तीन वळणं सलग होती, मास्तर, एकात एक. मी पाहिली ना. मी एकटीनेच पाहिली."

मास्तर तिच्यामागून हळूहळू उतरले. तिच्याजवळ येऊन उभे राहिले. तिचं बोट जिकडे होतं तिकडे त्यांनी पाहिलं, डोळे बारीक करून, टोपी काढून, लहानपणी तिच्या खुणा बघायचे तेवढाच वेळ.

"हो," ते म्हणाले. "दिसतायत की."

मित्सुएने वर पाहिलं. त्यांच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं.

"चांगल्या आहेत," मास्तर म्हणाले.

मग त्यांनी टोपी घातली, तिला हात देऊन वर ओढलं आणि खाली निघाले. ते पुढे होते. बुटांनी बर्फ दाबून ते एकेक पायरी करत होते, आणि ती त्यांच्या पावलांत पाऊल ठेवत मागून येत होती.